नडगी दुखतेय आणि प्रार्थनेतही मन लागत नाही? धावणाऱ्या विश्वासणाऱ्यांनो, या चुका टाळा

नगरहून चांदबिबीच्या महालाकडे जाणारा शेवटचा चढ आहे ना, (ती खरं तर सलाबतखानाची कबर, पण नगरमध्ये तसं म्हटलं तर लोक आपल्याकडेच विचित्र नजरेनं बघतात) तिथे दोन वर्षांपूर्वी मी कडेच्या दगडावर बसून रडलो होतो. डावी नडगी ठणकत होती. तीन आठवडे ठणकतच होती, आणि तीन आठवडे मी एकच वचन पुटपुटत धावत होतो: ‘मी आपले शरीर कुदलतो व त्याला दास करून ठेवतो.’ तपासणीत हाडाला केसासारखी चीर निघाली. मग पुढचे दोन महिने धावणं बंद.

तेव्हापासून मंडळीतली तरुण पोरं धावायला लागली की मला विचारतात. त्यांच्या चुका बघतो तेव्हा बहुतेक माझ्याच असतात.

वचनाची पेनकिलर करू नका

प्रेषित पौल ते वाक्य ग्रीसमधल्या करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो. करिंथजवळच्या चिंचोळ्या भूपट्टीवर दर दोन वर्षांनी मोठे खेळ भरत, त्यामुळे धावपटू आणि मुष्टियोद्धे त्या लोकांनी पाहिलेले होते. ‘कुदलणे’साठी मुळात जो ग्रीक शब्द आहे तो मुष्टियुद्धातला, डोळ्याखाली ठोसा मारण्याचा. आणि तो सगळा अध्याय वाचला तर विषय वेगळाच आहे. इतरांसाठी आपला हक्क सोडून देण्याबद्दल पौल बोलतोय. दुखऱ्या पायावर आणखी दहा किलोमीटर काढा, असं त्यात कुठेच नाही. मी मात्र त्याचा तोच अर्थ काढला होता, कारण मला तोच हवा होता.

नडगीचं दुखणं कसं ओळखायचं ते सांगतो. आतल्या कडेनं चार-पाच बोटं लांब पसरलेलं दुखणं असेल, आणि धावायला लागल्यावर थोडं सैल पडत असेल, तर बहुधा ताण जास्त झालाय. अंतर कमी करा, चढ आणि डांबरी रस्ता काही दिवस सोडा. पण एकाच बोटाच्या टोकानं दाखवता येईल अशी जागा दुखत असेल, चालतानाही दुखत असेल, रात्री झोपल्यावरही ठणकत असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा आणि हाडाच्या डॉक्टरांकडे जा. ‘सैतान अडवतोय’ असं कुणी म्हणालं तर त्यांचं प्रेमानं ऐका आणि तरीही डॉक्टरांकडे जा.

दम वाढला म्हणून हाडं तयार झाली असं नाही

नवीन धावणाऱ्याचा दम दीड-दोन महिन्यांत चांगला वाढतो. स्नायू हाडाला जोडणारे कंडरे आणि हाडं मात्र कितीतरी महिने मागे असतात. म्हणूनच ‘आता तर मजा यायला लागली’ म्हणतो त्याच टप्प्यावर माणूस जायबंदी होतो. पवित्रशास्त्र वाचनाचंही मी हेच पाहिलंय. 1 जानेवारीला संकल्प होतो: वर्षात पूर्ण वाचायचं. एकूण अध्याय 1189, म्हणजे रोज तीन-चार. उत्पत्ती झरझर जातं, निर्गमचा पहिला अर्धा भागही. मग निवासमंडपाची मापं सुरू होतात आणि जानेवारीच्या अखेरीस गाडी पुढच्या लेवीय पुस्तकात रुतते. त्यानंतर चुकलेले अध्याय भरून काढायच्या नादात माणूस वाचनच सोडतो.

दोन्हीकडे एकच नियम लावा: चुकलेलं भरून काढायचं नाही. मंगळवारचं धावणं राहिलं तर राहिलं, बुधवारी बुधवारचंच करा. वाचनातही आजच्या तारखेचं पान उघडा.

आणि वेग? धावताना आपल्या गीतपुस्तकातलं ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन अर्ध्या आवाजात म्हणून बघा. ओळ मध्ये न तुटता म्हणता आली तर वेग बरोबर. शब्द तुटायला लागले की हळू व्हा. आठवड्यातलं बहुतेक धावणं याच वेगानं व्हायला हवं. घड्याळापेक्षा मला हे माप जास्त पटतं. टिळक काही वर्षं आपल्या नगरचेच होते, त्यामुळे मी जरा पक्षपातीही आहे.

रविवार

रविवारी धावावं की नाही, हा विषय निघाला की कुणीतरी स्कॉटिश धावपटू एरिक लिडेलचं नाव घेतोच. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 100 मीटरची प्राथमिक फेरी रविवारी होती म्हणून तो धावला नाही, आणि 400 मीटरमध्ये 47.6 सेकंदांत सुवर्णपदक जिंकलं. लोकांना वाटतं त्यानं ऐनवेळी नकार दिला. तसं नव्हतं. वेळापत्रक त्याला कित्येक महिने आधी कळलं होतं. त्यानं तेव्हाच ठरवलं आणि मधले महिने 400 मीटरची तयारी केली. त्याच्याकडून घ्यायचं ते हे, वेळेवर ठरवणं.

पुढे तो चीनमध्ये मिशनरी होता आणि 1945 मध्ये जपान्यांच्या नजरकैद छावणीतच वारला. त्या छावणीत रविवारी खेळताना मुलांची मारामारी व्हायला लागली, तेव्हा हाच माणूस रविवारी पंच म्हणून मैदानात उभा राहिला.

आपल्याकडची अडचण वर्षातून एकदोनदा येणाऱ्या स्पर्धेची नाहीच. मुंबई मॅरेथॉन जानेवारीतल्या एका रविवारी असते. पाळकसाहेबांना आधी सांगा, जा, धावून या. उपासना सुटते ती दर रविवारच्या लाँग रनमुळे, म्हणजे आठवड्यातल्या सगळ्यात लांब धावण्यामुळे. ग्रुप रविवारी पहाटे जमतो, नंतर मिसळ, नंतर झोप. लाँग रन शनिवारी करा. ग्रुपमधला एकजण तरी तयार होतो, माझा अनुभव आहे.

स्पर्धेनंतरचं रितेपण म्हणजे विश्वास ढासळला, असं समजू नका

मॅरेथॉननंतर चार-पाच दिवसांनी एक मुलगा माझ्याकडे आला होता. म्हणाला, काका, प्रार्थनाच होत नाही, देव लांब गेल्यासारखा वाटतो. मी विचारलं, जेवतोस का नीट? नव्हता. झोप? पाच तास.

त्याला मी एलीया संदेष्ट्याची गोष्ट वाचायला लावली. 1 राजे, अध्याय 18 चा शेवट आणि 19 ची सुरुवात, सलग. कर्मेल डोंगरावर एलीयाचा मोठा विजय होतो आणि तो कंबर कसून अहाब राजाच्या रथापुढे थेट इज्रेलपर्यंत धावतो. हे अंतर साधारण 25 ते 30 किलोमीटर भरेल. लगेच पुढच्या अध्यायात तोच माणूस रानात एका झुडुपाखाली पडून म्हणतो, देवा, आता पुरे, माझा प्राण घे. देवदूत त्याला विश्वासाबद्दल एक शब्दही बोलत नाही. ऊठ, खा, एवढंच म्हणतो. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी. एलीया खातो, परत झोपतो. देवदूत परत उठवतो, परत खायला देतो. देवाची मंद वाणी फार पुढे येते, होरेब डोंगरावर.

मोठ्या शर्यतीनंतर दोन आठवडे धावण्याचं वेळापत्रकच ठेवू नका. पोटभर जेवा, झोपा. प्रार्थना जमत नसेल तर एखादं स्तोत्र नुसतं वाचा.

आणखी बारीकसारीक

उपवासाच्या दिवशी लाँग रन नको. दोन तासांच्या पुढे धावायचं असेल तर वाटेत केळं, खजूर, चिक्की असं काहीतरी लागतंच. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. लिंबू-मीठ-साखरेचं पाणी बरोबर ठेवा.

दुसऱ्याच्या अ‍ॅपवरचे आकडे बघून जळू नका. इब्रीकरांस पत्रात ‘नेमून दिलेली’ धाव म्हटलंय, शेजाऱ्याला नेमलेली नव्हे.

आणि पहाटे पाथर्डी रस्त्यानं जात असाल तर समोरून येणारी गाडी दिसेल अशा उजव्या कडेनं धावा, दोन्ही कानांत इअरफोन नकोत. उसाच्या दिवसांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर येतात. मागच्या ट्रॉलीला दिवा नसतो.