रिकामे सर्व्हर आपोआप बंद करताय? बॅकअपचं बिल वाढवणाऱ्या या चुका टाळा

डेव्हलपमेंट आणि टेस्टिंगचे सर्व्हर आठवड्याचे १६८ तास चालू ठेवायची गरज नसते. सोमवार ते शुक्रवार रोज १२ तास धरले तर ६० तास होतात, म्हणजे कॉम्प्युटचा, म्हणजे सर्व्हर चालवण्याचा, खर्च जवळपास ६४ टक्क्यांनी उतरतो. मात्र बंद करायची वेळ एकाने ठरवली आणि बॅकअपची दुसऱ्याने, तर बचत हातची जाते आणि बॅकअपही अर्धवट राहतात. ही दोन वेळापत्रकं एकत्रच आखायला हवीत. खालचं बहुतेक सगळं ॲमेझॉनच्या एडब्ल्यूएस या क्लाउड सेवेबद्दल आहे.

सीपीयू कमी म्हणजे सर्व्हर रिकामा, असं धरणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. बॅकअप चालू असताना बरंचसं काम डिस्क वाचण्याचं आणि नेटवर्कवरून डेटा पाठवण्याचं असतं. कॉम्प्रेशन नसेल तर सीपीयू ३-४ टक्क्यांवरच राहू शकतो. ‘सीपीयू अर्धा तास ५ टक्क्यांखाली असेल तर सर्व्हर बंद कर’ असा क्लाउडवॉच (एडब्ल्यूएसची देखरेख सेवा) अलार्म लावला, तर तो बॅकअप मध्येच तोडतो. वर एस-थ्री या फाइल साठवणुकीच्या सेवेवर तुकड्यांनी चाललेलं (मल्टिपार्ट) अपलोड अर्धवट राहिलं, तर चढलेले तुकडे फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचं भाडं चालूच राहतं. म्हणून बकेटवर, म्हणजे फाइली ठेवायच्या एस-थ्रीतल्या कप्प्यावर, ‘अपूर्ण मल्टिपार्ट अपलोड ७ दिवसांनी काढून टाक’ हा लाइफसायकल नियम आजच लावा.

अलार्म लावायचाच असेल तर सीपीयू, बाहेर जाणारं नेटवर्क आणि डिस्क-रीड हे तिन्ही सलग तासभर, म्हणजे ५ मिनिटांची १२ मोजमापं, कमी असायला हवेत. तीन अलार्म जोडून केलेला कंपोझिट अलार्म सर्व्हर थेट बंद करू शकत नाही. त्याला मध्ये लॅम्ब्डा फंक्शन (एडब्ल्यूएसवर चालणारा छोटा कोड) लागतं. त्यापेक्षा सरळ उपाय म्हणजे बॅकअप संपल्यावर बॅकअपच्या स्क्रिप्टनेच सर्व्हर बंद करावा. स्क्रिप्ट फसली तर बंद न करता मेल पाठवावा, आणि कमाल वेळ ठरवून द्यावी, नाहीतर अडकलेला बॅकअप सर्व्हर रात्रभर जागा ठेवेल.

स्क्रिप्टमधून शटडाउन द्यायच्या आधी एक सेटिंग नक्की बघा: इन्स्टन्सचं (एडब्ल्यूएसवरच्या सर्व्हरचं) ‘शटडाउन बिहेवियर’. ते ‘स्टॉप’ऐवजी ‘टर्मिनेट’ असेल तर सर्व्हर कायमचा जातो, आणि डीफॉल्टनुसार रूट डिस्कही (ज्यावर ऑपरेटिंग सिस्टिम असते ती) त्याच्याबरोबर पुसली जाते.

वेळ यूटीसीत मोजली जाते हे विसरणं

इव्हेंटब्रिज या वेळापत्रकाच्या सेवेचे जुने क्रॉन (ठरल्या वेळी काम चालवायचे) नियम यूटीसीवर, म्हणजे भारतापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर, चालतात. आपले रात्रीचे ८ म्हणजे तिथले दुपारचे २:३०, इथवर सगळ्यांच्या लक्षात असतं. घोळ होतो तो पहाटे. बॅकअपसाठी सोमवारी पहाटे ५ ला सर्व्हर उठवायचा असेल, तर यूटीसीत तेव्हा रविवारचे रात्रीचे ११:३० वाजलेले असतात. नियमात ‘सोमवार ते शुक्रवार’ लिहिलं की सोमवारचा बॅकअप चुकतो आणि शनिवारी सर्व्हर उगाच चालू होतो. नवीन इव्हेंटब्रिज शेड्युलरमध्ये भारताचा टाइमझोन निवडता येतो, तोच वापरा.

बंद केला म्हणजे मीटर थांबला, असं समजणं

सर्व्हर बंद असला तरी डिस्क भाड्याने घेतलेलीच असते. व्हर्जिनिया रीजनच्या दराने ५०० जीबीच्या जीपी-३ प्रकारच्या डिस्कचे महिन्याला ४० डॉलर होतात. फेब्रुवारी २०२४ पासून सार्वजनिक आयपीव्ही-४ पत्त्याला तासाला ०.००५ डॉलर पडतात, त्यामुळे बंद सर्व्हरला बांधून ठेवलेल्या इलॅस्टिक आयपीचाही (कायम राखून ठेवलेल्या पत्त्याचाही) खर्च चालू राहतो. तीन-चार महिने कुणी न वापरलेल्या सर्व्हरची डिस्क स्नॅपशॉट (डिस्कची साठवून ठेवलेली प्रत) घेऊन काढून टाकणंच योग्य. त्यात २०० जीबी डेटा असेल तर स्नॅपशॉटचे महिन्याला १० डॉलरच होतात. स्नॅपशॉट पूर्ण झाल्याची खात्री करूनच डिस्क काढा.

मायक्रोसॉफ्टचं अझ्युर क्लाउड वापरणाऱ्यांनो, विंडोजच्या आतून शटडाउन दिलं तर कॉम्प्युटचं बिल थांबत नाही. पोर्टलवर ‘डीअलोकेटेड’ (सर्व्हरची जागा सोडून दिली) असं दिसलं पाहिजे.

सकाळी सर्व्हर उठतच नाही

तुम्ही हाताने चालू केला की चालतो, पण शेड्युलरने चालू केला की ‘पेंडिंग’ दाखवून पुन्हा ‘स्टॉप्ड’? डिस्क तुमच्या स्वतःच्या केएमएस (एडब्ल्यूएसची एन्क्रिप्शनच्या चाव्या सांभाळणारी सेवा) चावीने एन्क्रिप्ट केलेली आहे का ते बघा. असेल, तर शेड्युलर ज्या परवान्याने काम करतो त्या रोलला त्या चावीवर ‘क्रिएट ग्रँट’ची (चावी वापरू देण्याची) परवानगी द्या. सर्व्हर ऑटो-स्केलिंग ग्रुपमध्ये (सर्व्हरची संख्या आपोआप राखणाऱ्या गटात) असेल तर बंद झालेल्याला ग्रुप आजारी समजतो आणि त्याच्या जागी नवा उभा करतो. तिथे ग्रुपचीच संख्या शून्यावर आणायची. इन्स्टन्स स्टोअरवरचा (सर्व्हरला जोडलेल्या तात्पुरत्या डिस्कवरचा) डेटा मात्र बंद करताच जातो, तिथे बॅकअपची तात्पुरती फाइलसुद्धा ठेवू नका.

आरडीएस (एडब्ल्यूएसची डेटाबेस सेवा) डेटाबेस बंद ठेवला तरी ७ दिवसांनी आपोआप चालू होतो. शिवाय बंद असलेले दिवस बॅकअपच्या मुदतीत धरले जात नाहीत, त्यामुळे जुने बॅकअप साठून राहतात आणि त्यांच्या साठवणुकीचे पैसे लागतात. महिनाभर लागणार नसेल तर शेवटचा स्नॅपशॉट घेऊन डेटाबेस काढून टाका, आणि काढताना ‘ऑटोमेटेड बॅकअप राखून ठेवा’ या पर्यायावरची खूण काढायला विसरू नका.