निर्यातीची द्राक्षं : फवारलं त्याच दिवशी लिहा

आभाळ आलं, पहाटे पानांवर दव धरलं की औषधाच्या दुकानापुढे दुचाक्यांची रांग लागते. मला भुरीपेक्षा (पानांवर, मण्यांवर पांढरी पूड धरणारा बुरशीचा रोग) त्या रांगेची धास्ती जास्त. मण्यात पाणी उतरायच्या सुमारास घाईत मारलेली एक बिनहिशेबी बाटली, तिचे अंश तपासणीत सापडले की, अख्ख्या प्लॉटचा माल निर्यातीऐवजी लोकल बाजारात ढकलते. आणि ती बाटली कसली होती, हे महिन्याभराने मारणाऱ्यालाही सांगता येत नाही, कारण वहीत काही नसतं.

तेव्हा आधी वहीचं बोलू. ब्लोअर (फवारणीचं यंत्र) धुवायच्या आधी नोंद करा. तारीख, प्लॉट क्रमांक, औषधातला घटक (दुकानदार सांगतो ते नाव नव्हे, लेबलवर बारीक अक्षरात असतो तो), प्रमाण, पाणी किती लागलं, बॅच क्रमांक. बिल त्याच पानाला टाचा.

गेल्या हंगामात औषधाचे अंश तपासायला द्राक्षांचा नमुना घ्यायच्या आदल्या रात्री एका घरी बसलो होतो. वही समोर आली. २४ फवारण्या, एकाच निळ्या पेनने, एका बैठकीत लिहिलेल्या. एका पानाला डाग नाही, कोपरा दुमडलेला नाही. ज्या दिवशी गावात दिवसभर पाऊस लागून होता, त्याच तारखेला भुरीची फवारणी दाखवलेली! मुलगा म्हणाला, "काका, अंदाजानं टाकलंय." पुढे अहवालात वहीत नसलेला एक कीटकनाशकाचा घटक निघाला. वडील शपथेवर सांगत होते, आम्ही तो मारलाच नाही. खरंही असेल. त्याच पंधरवड्यात 'सेंद्रिय टॉनिक' म्हणून आणलेली बिनलेबलची बाटली दोनदा गेली होती. पण बिल नाही, नोंद नाही, बाटली भंगारात. भांडायचं कुणाशी?

जुन्या बागायतदारांना २०१० आठवत असेल. काडीची वाढ आटोक्यात राहावी म्हणून वापरलेल्या सीसीसीचे, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराईडचे अंश युरोपात सापडले आणि आपले कंटेनर तिकडेच अडकले. युरोपात ज्या घटकाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला सरसकट ०.०१ मिलिग्रॅम प्रति किलोची मर्यादा लागते. 'थोडंसंच मारलं होतं' याला तिथे काही अर्थ नाही.

आता कागद कसा पुढे सरकतो ते बघा. कृषी विभागाकडे बागेची नोंदणी किंवा नूतनीकरण झालं की प्लॉटला क्रमांक मिळतो. प्रयोगशाळेचा नमुना त्याच क्रमांकावर, अपेडाच्या (शेतमाल निर्यातीचं काम बघणारी केंद्राची संस्था) ऑनलाइन प्रणालीतली नोंद त्यावर, पॅकहाऊस, अ‍ॅगमार्कचा म्हणजे प्रतीचा दाखला, शेवटी फायटो, म्हणजे मालात कीड-रोग नसल्याचा दाखला, सगळं त्याच धाग्यात. सुरुवातीची गाठ मात्र तुमच्या वहीत. सातबारा अजून वारलेल्या वडिलांच्या नावावर असेल तर तेही आधी निस्तरा. ऐन काढणीत तलाठ्याच्या मागे फिरण्यात अर्थ नाही.

सध्याच्या हवेत भुरीसाठी मी गंधकावरच आहे. ८० टक्के पाण्यात मिसळणारं दाणेदार गंधक, लिटरला २ ग्रॅम. पारा ३५ च्या वर असताना मारू नका, चट्टे पडतात. बाकी कोणतंही औषध हातात घेण्याआधी मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं चालू हंगामाचं 'अ‍ॅनेक्शर ५', म्हणजे चालणाऱ्या औषधांची यादी, उघडा. घटक यादीत आहे का आणि काढणीआधी किती दिवस थांबायचं, एवढं तरी वाचा. मागच्या वर्षीची यादी चालत नाही. माझा एक ठोकताळा आहे, कुठल्या पुस्तकात सापडायचा नाही : कडाक्याची थंडी लागून राहिली तर थांबायच्या दिवसांत आणखी चार-पाच दिवस मिळवतो. थंडीत औषध पानावरून लवकर जात नाही असं मला वाटतं. महागडं 'फुगवणीचं' पॅकेज, 'चकाकीचं' पॅकेज दारात आणून देणाऱ्याला एकच विचारा, घटक बिलावर लिहून देतोस का? बहुतेक जण चहा घेऊन निघून जातात.

बाकीची कामं :
- घडांना पेपर लावणे, थंडी वाढायच्या आत
- दाट घडातले मणी काढणे
- तडकलेले, कुजलेले मणी बागेबाहेर नेऊन पुरणे
- पाणी एकदम न वाढवणे
- पिठ्या ढेकणासाठी (पांढरी, रस शोषणारी कीड) खोड-ओलांडे (वेलीच्या आडव्या फांद्या) तपासणे
- ब्लोअरची टाकी तीन पाण्यांनी धुणे

गट करून थेट माल पाठवणाऱ्यांना आयईसी (आयात-निर्यातीचा कोड क्रमांक), अपेडाची नोंदणी, इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, शिपिंग बिल (कस्टमचा कागद), बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती), मूळ देशाचा दाखला आणि फायटो लागतो. कस्टमचं काम एजंट करतो, पण पेट्यांची संख्या आणि निव्वळ वजन सगळ्या कागदांवर एकच आहे ना, हे स्वतः बोट ठेवून जुळवा. पैसे लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीवर असतील तर बँक द्राक्षं चाखत नाही, कागद बघते. एका अक्षराच्या फरकावर रक्कम अडते. लाकडी पॅलेटवर उष्णता प्रक्रियेचा शिक्का हवा (लाकडाच्या गाभ्यात ५६ अंश, सलग ३० मिनिटं). शिक्का नसलेलं स्वस्तातलं पॅलेट घेऊ नका.

काढणीच्या दिवशी क्रेटची चिठ्ठी मजुरांवर सोडू नका. बांधापलीकडच्या, नोंदणी नसलेल्या भावाच्या प्लॉटचे चार क्रेट 'जागा आहे गाडीत' म्हणून चढतात, आणि नमुना नेमका त्यांतलाच निघतो.