फोन गप्प करायला गेलो नि… : या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात वैतागून मी फोन सरळ सायलेंटवर टाकला. त्याच संध्याकाळी आई इथे इंदूरला राजवाड्यापाशी पावसात अडकली. तिचे चार कॉल येऊन गेले, आणि मी रामबागेत घरी बसून आरामात चहा पीत होतो. ती निथळत दारात आली आणि म्हणाली, "मग एवढा महागाचा फोन घेतलायस कशाला?" त्यानंतर आठवडाभर, कुणाचा कॉल हुकला तर नाही ना, म्हणून दर पाच मिनिटांनी फोन उचलून बघत होतो. आवाज बंद, हात चालूच.

माझ्या मते पहिली आणि सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. नुसत्या सायलेंटला आई आणि विमा विकणारा सारखेच. त्याऐवजी 'डू नॉट डिस्टर्ब' वापरा. अँड्रॉइडवर कॉन्टॅक्टमध्ये जाऊन घरच्यांच्या नावापुढे स्टार लावा, मग 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये स्टारवाल्यांचे कॉल येऊ द्या. तिथेच 'रिपीट कॉलर्स' असतं : 15 मिनिटांच्या आत त्याच नंबरवरून दुसऱ्यांदा कॉल आला तर फोन वाजतो. आईला एवढंच सांगितलंय, घाई असेल तर लगेच परत लाव.

दुसरी चूक व्हॉट्सअ‍ॅपची. आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर दिवसभर फुलं, सुविचार आणि पोह्यांचे फोटो येतात, पण नळाला नर्मदेचं पाणी आज येणार की नाही हेही तिथेच कळतं. ग्रुप सोडणार कसा? लोक आठ तासांसाठी म्यूट करतात आणि संध्याकाळी पुन्हा तेच. कायमचं म्यूट करा, वर चॅट अर्काइव्ह करा, म्हणजे मुख्य यादीतून बाजूला टाका. 2021 पासून अर्काइव्ह केलेलं चॅट नवा मेसेज आला तरी आपणहून वर येत नाही. तुमचं नाव घेऊन कुणी लिहिलं किंवा तुमच्या मेसेजला उत्तर दिलं, तरच कळतं. पाण्याचं सकाळी एकदा स्वतः उघडून बघायचं.

जेवण मागवायच्या अ‍ॅपची सगळीच नोटिफिकेशन बंद केलीत, तर डिलिव्हरीवाला खाली उभा आणि तुम्हाला पत्ता नाही. नोटिफिकेशन दाबून धरा. अँड्रॉइड 8 पासून त्यात प्रकार वेगळे असतात. ऑर्डरचं चालू ठेवा, ऑफर्सचं बंद. काही अ‍ॅपवाले मुद्दाम सगळं एकाच प्रकारात कोंबतात. त्यांचं मात्र बिनदिक्कत पूर्ण बंद करा.

अ‍ॅप रोज किती वेळ वापरायचं, याच्या टाइमरवर माझा फारसा विश्वास नाही. आयफोनवर वेळ संपली की 'इग्नोर लिमिट' समोरच येतं, आणि अंगठा ते न वाचताच दाबतो. लावायचाच तर 'स्क्रीन टाइम'चा, म्हणजे आयफोनमधल्या याच सेटिंगचा, पासकोड घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी टाकायला सांगा.

फोनचा मोह कमी व्हावा म्हणून स्क्रीन काळी-पांढरी केली की सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीत काढलेला भुट्ट्याच्या किसाचा फोटो राखेसारखा दिसतो. घाबरू नका, फोटोत रंग शाबूत असतात. राखाडी फक्त तुमची स्क्रीन झालेली असते.

आणि अलार्मसाठी म्हणून फोन उशाशी घेऊन झोपू नका. 'डू नॉट डिस्टर्ब'मध्ये अलार्मला मुभा असली की तो वाजतोच, आधी एकदा बघून घ्या. माझा फोन आता रात्री बैठकीच्या खोलीत चार्जिंगला असतो. सकाळी अलार्म बंद करायला मी उठतो. मी नाही उठलो, तर आई उठते, आणि मग उठावंच लागतं.