बेटावरची निवांत सुट्टी आखताना या चुका टाळा

दिवाळी झाली की आमच्या कोथरूडच्या सोसायटीत अंदमानच्या पॅकेजचे कागद फिरू लागतात. मी तीनदा जाऊन आले आहे, म्हणून "ताई, जरा नजर टाका ना" असं म्हणत लोक ते माझ्याकडे आणतात. वर लिहिलेलं असतं 'निवांत कौटुंबिक सहल'. खाली पाच रात्रींत तीन बेटं, चार हॉटेलं आणि रोज सकाळी सातला गाडी! त्याच त्या चुका बघून आता खरंच जीव कळवळतो, कारण त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लहान मुलांना भोवतात.

परतीची बोट आणि विमान एकाच दिवशी

ही चूक मी स्वतः केली आहे. नील बेटावरून, म्हणजे आताच्या शहीद द्वीपवरून, सकाळची बोट आणि पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्री विजयपुरमहून, दुपारचं विमान. एका रात्रीचं भाडं वाचेल, एवढाच विचार. जेट्टीवर पोचलो तर वारा सुटलेला आणि बोट रद्द. सासू-सासरे, दोन मुलं आणि आम्ही दोघं बॅगांवर बसून राहिलो. सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या दिवस मोजून आणल्या होत्या, त्या आदल्या रात्रीच संपलेल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी बोट मिळाली. विमानाची सहा तिकिटं नव्याने काढावी लागली, तीही दुपटीहून जास्त दराने. पण पैशांपेक्षा सासऱ्यांचा त्या दिवशीचा उतरलेला चेहरा माझ्या जास्त लक्षात आहे.

नील आणि हॅवलॉक (आताचं स्वराज द्वीप) ही बेटं पोर्ट ब्लेअरपासून समुद्रमार्गे साधारण 40 किलोमीटरवर. हवा बिघडली की बोटी थांबतात, आणि थांबायलाच हव्यात. 2016 च्या डिसेंबरात, अगदी भर हंगामात, वादळी हवेमुळे शेकडो पर्यटक या बेटांवर अडकले होते; त्यांना आणायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. म्हणून शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरलाच काढायची. औषधं चार दिवसांची जास्त, आणि ती हातातल्या पिशवीत. एक रात्र वाचवण्याची ही युक्ती मला कुणी कितीही पटवली तरी मी आता मानत नाही.

भरती-ओहोटी न बघता खोली घेणं

फोटोत निळंशार पाणी दिसतं, माणसं 'समुद्रासमोरची' खोली जादा पैसे भरून घेतात. माझ्या धाकट्या जावेने हॅवलॉकच्या पूर्वेला, विजयनगरच्या किनाऱ्यावर अशीच खोली घेतली. नाश्ता करून दहाला मुलं पोहायला धावली, तर पाणी लांब गेलेलं आणि समोर नुसते खडक. पाणी भरेपर्यंत चार वाजले. डिसेंबरात तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, कारण घड्याळ आपलंच असलं तरी अंदमान पुण्याच्या खूप पूर्वेला आहे आणि तिथला दिवस आपल्याआधी सव्वा तास सरतो. मुलांना पाण्यात जेमतेम तासभर मिळाला.

कोकणातली माणसं तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात: अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. हा हिशेब आपल्या किनाऱ्याचा, अंदमानात तो लावू नका. तिथलं भरतीचं वेळापत्रक इंटरनेटवर मिळतं. मी तारखा नक्की करण्याआधी ते वहीत उतरवते. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे एका दिवसाची वेळ कळली की आठवड्याचा अंदाज येतो. विजयनगरच्या मानाने पश्चिमेचा राधानगर किनारा वाळूचा आहे, मुलांना तो बरा. उलट नीलच्या लक्ष्मणपूरला खडकाची नैसर्गिक कमान बघायची तर ओहोटीच हवी, आणि पायात पकड असलेल्या चपला.

एका सुट्टीत सगळं उरकणं

पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून निघून चेन्नईला किंवा बंगळुरूला विमान बदलून माणसं पोचतात, आणि लगेच त्याच दुपारच्या बोटीत बसतात. पहिल्यांदा जाणाऱ्यांची ही घाई मला कळत नाही. इतक्या लांब आलोय तर सगळंच बघू, असं म्हणतात. मग आजी खोलीत झोपून आणि नातवंडं गाडीत उलट्या करत. मी एकच बेट धरते आणि तिथे सलग चार रात्री राहते. त्यातला एक दिवस कागदावर पूर्ण कोरा. त्या दिवशी कुणी मला "आज काय?" असं विचारायचं नाही, हा घरचा नियम आहे.

बाकीच्या चुका थोडक्यात. मे ते सप्टेंबर स्वस्त पडतं म्हणून जाऊ नका, पाऊस आणि खवळलेला समुद्र असतो. रोख पैसे पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. शिंपले आणि प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरू नका. प्रवाळाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. मगरीची पाटी असेल तिथे गुडघाभर पाण्यातही उतरू नका, 2010 मध्ये हॅवलॉकलाच एका पर्यटक महिलेचा मगरीने जीव घेतला होता. अंदमानाऐवजी लक्षद्वीप ठरवत असाल, तर तिथे भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. तो हातात आल्याशिवाय कोचीहून अगत्तीचं तिकीट काढू नका.