सुताला चमक येत नाही? मर्सरायझिंगच्या या चुका टाळा

मर्सरायझिंग म्हणजे चमक यावी म्हणून सुती माल ताणून तीव्र कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणात बुडवणं. त्यानंतर रंगवल्यावर कापडावर पट्टे उमटले किंवा लडी निस्तेज दिसली, की पहिला संशय कॉस्टिकच्या मालावर जातो. माल बहुतेक वेळा ठीक असतो. बिघडतं ते तंतू फुगलेला असतानाच्या मिनिटभरात.

कापसाचा तंतू मुळात चपटा आणि पीळ पडलेला असतो. त्याचा आडवा छेद घेवड्याच्या बीसारखा दिसतो. तीव्र कॉस्टिक सेल्युलोजच्या साखळ्यांमध्ये शिरलं की तंतू फुगून गोल होतो, पीळ उलगडतो, मधली पोकळी आकसते. नैसर्गिक सेल्युलोजमध्ये साखळ्या एकाच दिशेने असतात. कॉस्टिक धुऊन काढल्यावर त्या एकमेकींच्या उलट दिशेने बसतात. ही सेल्युलोज-2 रचना झाली, ती पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. स्फटिकी भाग कमी झाल्याने रंग आणि ओलावा जास्त धरला जातो.

तीव्रता कमी पडणे. केळीच्या किंवा घायपाताच्या धाग्याला 5 टक्के कॉस्टिकमध्ये बुडवतात, त्यालाही सर्रास मर्सरायझिंग म्हटलं जातं. त्याने हेमिसेल्युलोज, मेण आणि थोडं लिग्निन निघतं, धागा मोकळा होतो, पण स्फटिकरचना बदलत नाही. सुती मालाला लिटरला 270 ते 300 ग्रॅम लागतं, म्हणजे साधारण 28 ते 30 बोमे (तरत्या काट्यावर वाचायचं घनतेचं माप). 10 लिटर द्रावणासाठी 8 लिटर थंड पाण्यात 2.7 किलो फ्लेक्स थोडे थोडे टाका, गार होऊ द्या, मग 10 लिटर भरा. पाण्यात कॉस्टिक टाकायचं, कॉस्टिकवर पाणी नाही. ॲल्युमिनियमचं भांडं चालत नाही, चष्मा आणि हातमोजे हवेतच.

फक्त बोमेवर विसंबणे. ही चूक सगळ्यात फसवी. टाकीतलं कॉस्टिक हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून सोडियम कार्बोनेट बनतं. कार्बोनेटमुळेही घनता वाढते, म्हणून काटा बरोबर दिसतो आणि ताकद मात्र उतरलेली असते. 10 मिली लाय (कॉस्टिकचं द्रावण) 100 मिलीपर्यंत पातळ करा, त्यातले 10 मिली घेऊन 1 नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिडने टायट्रेट करा, म्हणजे सूचकाचा रंग बदलेपर्यंत ॲसिड थेंब थेंब टाकून किती लागलं ते मोजा. फिनॉल्फ्थॅलिन या सूचकाचा गुलाबी रंग जाईपर्यंतचे मिली, वजा तिथून मिथिल ऑरेंज या दुसऱ्या सूचकाचा रंग बदलेपर्यंतचे मिली. उत्तर गुणिले 40 म्हणजे लिटरला खरं कॉस्टिक. उत्तर 6.75 आलं तर 270 ग्रॅम.

ओला माल टाकणाऱ्यांनी आणखी एक हिशेब धरावा: कोरडं 100 किलो भरणारं कापड 60 टक्के ओलं असेल तर ते स्वतःसोबत 60 लिटर पाणी टाकीत आणतं. टाकीत वरून भरायची लाय तितकी जास्त तीव्र ठेवावी लागते.

गरम लाय. कॉस्टिक विरघळताना आणि तंतूत शिरतानाही उष्णता निघते. थंड लायमध्ये तंतू जास्त फुगतो, म्हणून 15 ते 18 अंश धरा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे चिलर किंवा बर्फाच्या जॅकेटशिवाय हे जमत नाही. साधा साबण या तीव्रतेत साका होऊन बसतो. मर्सरायझिंगसाठीचाच वेटिंग एजंट (माल पटकन भिजवणारं रसायन) वापरा. कापडात खळ किंवा मेण राहिलं असेल तर लाय सगळीकडे सारखी शिरत नाही आणि पट्टे पडतात, ते रंगवल्यावरच दिसतात.

ताण लवकर सोडणे. जॉन मर्सरने 1850 मध्ये पेटंट घेतलं तेव्हा ताण दिला जात नव्हता. कापड आटायचं, चमक नसायची. ताणाची जोड 1890 च्या सुमारास होरेस लो यांनी दिली. मोकळं सोडलेलं सूत 20 ते 25 टक्के आटतं. मूळ लांबीवर ताणून धरा आणि तशाच ताणात गरम पाण्याने धुवा. मालावरचं कॉस्टिक लिटरला 50-60 ग्रॅमच्या खाली येईपर्यंत सोडू नका. त्याआधी सोडलंत तर आकसणं सुरूच राहतं आणि आलेली चमक जाते.

पुढे थंड पाणी, मग सौम्य ॲसेटिक ॲसिड. राहिलेला अल्कली तपासायला कापडावर फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब टाका. गुलाबी झालं तर पुन्हा धुवा. हा थेंब नीट धुतलेल्या कापडावरच टाकायचा, कारण तीव्र कॉस्टिकमध्ये त्याचा गुलाबी रंग उडून जातो आणि भिजलेला माल स्वच्छ वाटतो.