ऑनलाइन जुळलेल्या माणसाची ओळख कशी पडताळावी

पडताळणी पहिल्या आठवड्यातच सुरू करावी. तीन महिने रोज रात्री बोलणं झालं की माणूस पुरावे तपासत नाही, सबबी शोधतो, आणि त्याही समोरच्याच्या वतीने. यात मूर्खपणाचा भाग थोडाच असतो. संवाद-अभ्यासक जोसेफ वॉल्थर यांनी १९९६ साली याचं कारण मांडलं आहे: नुसत्या मजकुरावर चाललेल्या ओळखीत लिहिणारा स्वतःची हवी तेवढीच बाजू दाखवतो, उरलेल्या रिकाम्या जागा वाचणारा आपल्या मनाने भरतो, आणि भरताना चांगलंच भरतो. फसवणाऱ्याचं निम्मं काम असं आपणच करून देतो.

आधी एक फरक लक्षात घ्या. टोपणनाव वापरणं, घराचा पत्ता न देणं, मुलांचे फोटो न टाकणं याला फसवणूक म्हणत नाहीत. ती सावधगिरी आहे. संशय घ्यायचा तो सांगितलेलं आणि दिसणारं जुळत नसेल तेव्हा.

१. ऐकलेलं लिहून ठेवा

वय, गाव, नोकरी, भावंडं, कामाच्या वेळा, जुन्या नात्याबद्दल सांगितलेलं, सगळं तारखेसह वहीत उतरवा. चॅटवर विसंबू नका. आपोआप पुसले जाणारे संदेश सुरू करायचा आग्रह बऱ्याचदा समोरूनच होतो. संघटित टोळ्यांमध्ये एकच 'व्यक्ती' पाळीपाळीने दोन-तीन जण चालवतात. त्यांच्याकडेही टिपणं असतात, पण बारीकसारीक गोष्टी निसटतात. दोन आठवड्यांनी तीच गोष्ट आडून विचारा. 'बहिणीचं लग्न कधी झालं म्हणालात?' असा थेट प्रश्न नको. बहिणीचा विषय काढा आणि गप्प बसून ऐका. एखादी तारीख इकडेतिकडे होणं साहजिक आहे. बहीणच गायब झाली, तर मात्र थांबा.

२. फोटो उलट शोधा

उलट शोध म्हणजे फोटोच शोधयंत्रात टाकून तो इंटरनेटवर आणखी कुठे आहे ते पाहणं. एकच प्रोफाइल फोटो पुरत नाही. तीन-चार फोटो घ्या आणि गूगल लेन्स, टिनआय आणि यांडेक्स या तिन्हींवर टाका, कारण तिन्हींची कामाची रीत वेगळी आहे. टिनआय त्याच चित्राच्या प्रती शोधतं आणि त्यात निकाल जुन्यापासून लावून पाहता येतात. त्यामुळे फोटो सर्वात आधी कुठे दिसला ते कळायला मदत होते. यांडेक्स मिळतेजुळते चेहरे शोधण्यात पटाईत आहे.

काही सापडलं नाही तर फोटो कापून पुन्हा शोधा: एकदा फक्त चेहरा, एकदा फक्त मागचं दृश्य. मग आडवा उलटा करून, म्हणजे आरशात दिसतो तसा, शोधा. शोधात सापडू नये म्हणून चोर फोटो उलटा करून वापरतात. उलटवल्यावर पाटीवरची अक्षरं सरळ झाली, तर उत्तर तिथेच मिळालं.

तरीही काहीच न सापडणं म्हणजे माणूस खरा असं नाही. चोरलेला फोटो खासगी खात्यातला असू शकतो किंवा चेहराच संगणकाने बनवलेला असू शकतो. बनावट चेहऱ्यात दोन कानांतली कानातली वेगळी दिसणं, चष्म्याची काडी केसांत विरघळणं, मागची अक्षरं अर्थहीन असणं या जुन्या खुणा आता फारशा उरलेल्या नाहीत; त्यांच्यावर भिस्त ठेवू नका. फोटोतली लपलेली तारीख-ठिकाणाची माहितीही बहुतेक मेसेजिंग ॲप काढून टाकतात, म्हणून ती नसण्यावरून काहीच ठरत नाही. त्यापेक्षा विचार करा: वर्षानुवर्षांचे, वेगवेगळ्या उजेडातले, थोडे वाईट आलेले, इतरांनी टॅग केलेले फोटो आहेत का? खऱ्या माणसाचे वाईट फोटो असतातच.

३. खात्याचा इतिहास पाहा

इन्स्टाग्रामवर प्रोफाइलच्या वरच्या कोपऱ्यातले तीन ठिपके दाबून खात्याविषयीची माहिती उघडता येते. तिथे खातं कधी सुरू झालं ते कळतं आणि बऱ्याच खात्यांबाबत देशही दिसतो. फेसबुकवर पत्त्याच्या ओळीतलं वापरकर्ता-नाव वाचा: प्रोफाइलवरचं नाव बदललेलं असतं, पत्त्यात कधी कधी जुनंच राहून जातं. खातं जुनं असलं म्हणून निश्चिंत होऊ नका, चोरलेली जुनी खाती विकत मिळतात. निळ्या खुणेचंही तेच. एक्सवर ती २०२२ पासून वर्गणी भरून घेता येते.

खरी माहिती प्रतिक्रियांमध्ये असते. कुणी चेष्टा करतं का, जुन्या प्रसंगाची आठवण काढतं का? नुसते बदाम आणि 'छान' म्हणणारे अनोळखी लोक साक्षीदार धरू नयेत.

४. व्हिडिओ कॉल, आणि तो नीट

एक मिनिट, अंधुक उजेड, मग 'नेट गेलं' याला कॉल म्हणायचं नाही. निदान दहा मिनिटं बोला आणि बोलता बोलता आयत्या वेळी सुचलेली एखादी गोष्ट करायला सांगा: मान पूर्ण एका बाजूला वळवणं, चेहऱ्यावरून हात सावकाश फिरवणं, उठून खिडकीपाशी जाणं, तुम्ही आत्ता सांगितलेला शब्द कागदावर लिहून दाखवणं. कॅमेऱ्याच्या जागी आधी चित्रित केलेला व्हिडिओ लावला असेल तर तो यातलं काहीच करू शकत नाही. चेहरा बदलणारं सॉफ्टवेअर बाजूने पाहताना किंवा चेहऱ्याआड हात आल्यावर अडखळतं, कडा थरथरतात. हे तंत्र सुधारत चाललंय, म्हणून एका खुणेवर निकाल देऊ नका.

विचारायला संकोच वाटतो? आधी स्वतः करून दाखवा: 'हे बघा, मी लिहिलं, आता तुम्ही.' खरा माणूस हसतो, फार तर वैतागतो. 'माझ्यावर विश्वास नाही का?' हे तीन-तीनदा आलं, की प्रश्न कॅमेऱ्याचा राहत नाही.

आणि कॉल झाला तरी सिद्ध होतो तो फक्त चेहरा. गुंतवणुकीच्या नावाने लुटणाऱ्या टोळ्या व्हिडिओ कॉलसाठी पगारी मॉडेल ठेवतात. नोकरी आणि बाकीची कहाणी वेगळी तपासावी लागते: कामाच्या ईमेलवरून दोन ओळी पाठवायला सांगा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता अक्षर न् अक्षर वाचा. संस्थेचा फोन नंबर स्वतः शोधा, त्यांनी दिलेला नको. न मागता आलेला ओळखपत्राचा फोटो पुरावा धरू नका. त्याने उलट संशय वाढावा.

५. पैशाचा विषय

प्रत्यक्ष भेट होण्याआधी पैसे नाहीत, कोणत्याही कारणाने. गिफ्ट कार्डचे नंबर, क्रिप्टो, अडकलेल्या पार्सलचं शुल्क ही रूपं ओळखीची झाली आहेत. कमी ओळखीचं रूप असं: ते पैसे मागतच नाहीत, एक गुंतवणुकीचं ॲप दाखवतात. त्यात नफा दिसतो, पहिल्यांदा थोडी रक्कम काढताही येते. मोठी रक्कम टाकल्यावर ती काढण्यासाठी आधी 'कर' भरा म्हणतात. पडद्यावरचे ते आकडे कुठल्याच बाजारातले नसतात.

दुसरं, 'माझे पैसे तुझ्या खात्यात घे आणि पुढे पाठव.' ते पैसे दुसऱ्या कुणाच्या फसवणुकीचे असू शकतात आणि खातं तुमच्या नावावर असतं.

६. खोटं निघालं तर

जाब विचारायची घाई करू नका, तो लगेच खातं पुसतो. आधी प्रोफाइलचा पूर्ण पत्ता, वापरकर्ता-नाव, फोन नंबर, व्यवहार क्रमांक आणि निर्यात केलेली चॅट जपून ठेवा. पैसे गेले असतील तर मात्र बँकेला पहिला फोन, बाकी सगळं नंतर. त्यानंतर पोलिसांत तक्रार, ॲपवर तक्रार, ब्लॉक. काही दिवसांनी 'तुमचे पैसे परत मिळवून देतो' म्हणणारा कुणी भेटतो. आधी शुल्क मागणारा तोही बहुधा त्याच साखळीतला.

खासगी फोटोंची धमकी आली तर पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. स्टॉपएनसीआयआय ही मोफत सेवा तुमच्याच फोनवर फोटोचा अंकीय ठसा, म्हणजे तो फोटो ओळखता येईल असा कोड, तयार करते, फोटो बाहेर जात नाही, आणि तो ठसा सहभागी संकेतस्थळांना पाठवते. अठराखालच्यांसाठी 'टेक इट डाउन' आहे.

उलट शोधात फोटोचा खरा मालक सापडला तर त्याच्यावर चिडू नका, त्याला यातलं काही माहीत नसतं. बनावट खात्याची लिंक आणि 'तुमचे फोटो इथे वापरले जात आहेत' एवढी एक ओळ पाठवा. पुष्कळ ॲप खऱ्या मालकाने तक्रार केली की तोतया खातं लवकर काढतात.