लिनक्स कर्नलचे एरर कोड रस्टमध्ये कसे मांडावेत

सी भाषेतल्या लिनक्स कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात) काम फसले की फंक्शन बहुधा ऋण संख्या परत करते: मेमरी मिळाली नाही तर उणे १२ (ईनोमेम), चुकीचा आर्ग्युमेंट आला तर उणे २२ (ईइनव्हॅल). मात्र ती संख्या साधा इंटिजर असल्याने कोणी तपासली नाही तरी कंपायलर सहसा गप्प राहतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या ६.१ या आवृत्तीपासून कर्नलमध्ये रस्ट या भाषेलाही जागा मिळाली; तिथे हाच कोड कसा हाताळतात, ते पाहू.

१. आधी एकच खासगी फील्ड असलेला ‘एरर’ नावाचा स्ट्रक्ट करा आणि फील्डचा प्रकार ‘शून्य नसलेला ३२-बिट इंटिजर’ ठेवा. शून्य ही किंमत मोकळी राहिल्याने यश दाखवायला कंपायलर तीच वापरतो. त्यामुळे ज्या रिझल्टमध्ये (यश किंवा चूक यांपैकी एक धरणारा रस्टचा प्रकार) यशाच्या बाजूला काहीच साठवायचे नसते, तो सीमधल्या मूळ संख्येइतक्याच ४ बाइटांत मावतो.

इथे एनम (ठरलेल्या पर्यायांची यादी असलेला प्रकार) करण्याचा मोह होतो, तो टाळावा. सीकडून यादीत नसलेला कोड आला आणि आपण तो जबरदस्तीने एनममध्ये कोंबला, तर ते अनडिफाइन्ड बिहेव्हियर ठरते, म्हणजे प्रोग्रॅम पुढे काय करेल याची हमी उरत नाही आणि ज्या सुरक्षिततेसाठी रस्ट निवडली तीच हातची जाते.

२. हा स्ट्रक्ट तयार करण्याचा सुरक्षित मार्ग एकच ठेवा आणि त्यात उणे ४०९५ ते उणे १ एवढीच मर्यादा तपासा. ४०९५ हा आकडा पॉइंटरमुळे, म्हणजे मेमरीतला पत्ता धरणाऱ्या किमतीमुळे, आला आहे: कर्नल ॲड्रेस स्पेसच्या अगदी शेवटचे तेवढे पत्ते एरर कोडसाठी राखून ठेवतो, म्हणून पॉइंटर देणारे फंक्शनही त्याच पॉइंटरमधून कोड पाठवू शकते. मर्यादेबाहेरची संख्या आली तर पॅनिक करू नये (म्हणजे काम तिथेच थांबवू नये), कारण कर्नलमधल्या पॅनिकने सगळे मशीनच बंद पडू शकते. इशारा नोंदवून ईइनव्हॅल द्यावा.

३. कोडची नावे स्थिरांक म्हणून मॅक्रोने जाहीर करा, पण आकडे हाताने लिहू नका. ते सीच्या हेडरमधूनच घ्या. कारण ते प्रोसेसरच्या प्रकारानुसार बदलू शकतात: ईनोसिस हा कोड एक्स८६ वर ३८ आहे, तर मिप्सवर ८९.

४. आता सी आणि रस्ट यांच्या सीमेवरचे रूपांतर. सी फंक्शनची संख्या हाती येताच तिचा रिझल्ट करा. पुढे प्रश्नचिन्ह हा ऑपरेटर चूक आपोआप वर पोचवतो आणि रिझल्टकडे दुर्लक्ष केल्यास कंपायलर निदान इशारा तरी देतो. सीने आपल्या रस्ट फंक्शनला बोलावले असेल, तर परतताना रिझल्टची पुन्हा संख्या करा.

या टप्प्यावर दोन ठिकाणी पाय घसरतो. बाइट वाचणाऱ्या फंक्शनने ७ परत केले आणि ते केवळ ‘ऋण आहे का’ एवढेच पाहणाऱ्या रूपांतरातून नेले, तर यश कळते, पण ७ हरवतात. अशा वेळी धन संख्या रिझल्टमध्ये जपून ठेवावी. तसेच नल पॉइंटर (कुठेच न दाखवणारा, शून्य पत्त्याचा) राखीव पत्त्यांत मोडत नसल्याने एरर-पॉइंटरची तपासणी त्याला सुखरूप पुढे सोडते, म्हणून नलची तपासणी वेगळी करावी.

५. शेवटी उणे ४०९६, उणे ४०९५, उणे १ आणि ० या चार संख्या दुसऱ्या पायरीतल्या सुरक्षित मार्गाला देऊन चाचणी घ्या. मधल्या दोन जशाच्या तशा राहिल्या पाहिजेत आणि टोकाच्या दोन्ही ईइनव्हॅल झाल्या पाहिजेत.